कामाचा आकार आणि गुंतागुंत यांचा अंदाज: ॲजाइल टीमचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲजाइल टीम, म्हणजे लहान लहान टप्प्यांत सॉफ्टवेअर पूर्ण करत जाणारी टीम, प्लॅनिंगला बसली की काही प्रश्न हमखास निघतात. नव्या टीममध्ये निघतात, तसे वर्षानुवर्षं एकत्र काम केलेल्या टीममध्येही निघतात. डेव्हलपर, टेस्टर, प्रॉडक्ट ओनर (काय बनवायचं ते ठरवणारे) आणि मॅनेजर यांनी मला ते ज्या शब्दांत विचारले, जवळपास त्याच शब्दांत इथे घेतले आहेत. उत्तरं माझ्या कामातून आलेली आहेत. जिथे कुणाच्या अभ्यासाचा आधार आहे तिथे तसं सांगितलं आहे.

अंदाज नेमका कशाचा बांधायचा? वेळेचा, कष्टाचा की गुंतागुंतीचा?

आकाराचा. आकारात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात: काम किती आहे, ते किती गुंतलेलं आहे, आणि त्यातलं किती आपल्याला अजून दिसतच नाही. एकीवरून दुसरी काढता येत नाही.

समजा, 60 स्क्रीनवरचा लोगो बदलायचा आहे. काम भरपूर, डोकं फारसं लागत नाही. दुसरी स्टोरी (टीम कामाच्या एका तुकड्याला असं म्हणते) आहे व्याज मोजणाऱ्या फंक्शनमधला राउंडिंगचा नियम बदलण्याची. बदल चार ओळींचा, पण त्या चार ओळींवर पंधरा रिपोर्ट उभे आहेत. तिसरी आहे एका बाहेरच्या पेमेंट सेवेशी आपली सिस्टीम जोडण्याची, आणि त्या सेवेचं डॉक्युमेंटेशन टीममधल्या कुणीच अजून उघडलेलं नाही. तिन्ही स्टोरींवर टीमने 8, म्हणजे आकाराचे 8 'स्टोरी पॉइंट', लिहिलं तर ते बरोबरच असू शकतं. पण 8 का, याचं उत्तर प्रत्येकीचं निराळं आहे. पहिली स्टोरी दोघांत वाटून टाकता येते. दुसरी त्या भागाच्या जाणकाराकडेच जायला हवी. तिसरीला हात घालण्याआधी दोन दिवस नुसतं शोधण्यात घालवायला हवेत.

म्हणून मी टीमना सांगते की आकड्याच्या शेजारी एक शब्द लिहा: पसारा, गुंता किंवा अंधार. एवढी एकच सवय लागली तरी अंदाजाच्या मीटिंगचा सूर बदलतो. लोक '5 की 8' यावर घासाघीस करायचं सोडून '8 कशामुळे' हे बोलू लागतात. पुढच्या बऱ्याच उत्तरांत हे तीन शब्द पुन्हा येतील.

थेट तासांत सांगायला काय हरकत आहे?

तास सांगता येतात, पण ते खरे ठरत नाहीत. आपल्याच कामाला किती वेळ लागेल हे सांगताना माणूस सातत्याने कमीच सांगतो. डॅनियल कानेमन आणि आमोस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये या चुकीची मांडणी केली. 1994 मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी प्रबंध लिहीत असलेल्या विद्यार्थ्यांना विचारलं की किती दिवसांत संपेल. सरासरी उत्तर 33.9 दिवस आलं. सगळं बिनसलं तर किती लागतील, असंही विचारलं. त्याचं उत्तर 48.6 दिवस. प्रत्यक्षात सरासरी 55.5 दिवस लागले. वाईटात वाईट काय होईल याची जी कल्पना त्यांनी केली होती, तीसुद्धा सत्याच्या अलीकडेच राहिली. अंदाज चुकला म्हणून कुणावर 'तू नीट विचार केला नाहीस' असा ठपका ठेवण्याआधी हे आकडे आठवावेत.

दुसरी अडचण अशी की तास कुणाचे? तोच मॉड्यूल लिहिलेल्या माणसाला जे दोन तासांचं, ते काल रुजू झालेल्याला दोन दिवसांचं. काम कोण करणार हे ठरलेलंच नसेल तर टीमचा एक आकडा कुठून येणार? उलट 'हे काम त्या लॉगिनच्या कामाच्या साधारण दुप्पट आहे' यावर दोघांचंही एकमत होऊ शकतं. दोन दगड हातात घेऊन जड कोणता हे कुणीही सांगतो. एकाचं वजन ग्रॅममध्ये सांगा म्हटलं की सगळे चाचपडतात.

स्टोरी पॉइंट आले कुठून?

एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या सॉफ्टवेअर बनवायच्या पद्धतीमधून. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात त्या मंडळींचे अंदाज 'आदर्श दिवसां'त असायचे, म्हणजे कुणीही त्रास दिला नाही तर किती दिवस लागतील. खऱ्या दिवसांसाठी त्याला साधारण तिपटीने गुणावं लागे. मग बाहेरचे लोक विचारत, तीन दिवसांच्या कामाला नऊ दिवस कसे लागले? ही कटकट टाळायला 'दिवस' हा शब्दच काढून टाकला आणि 'पॉइंट' म्हणायला सुरुवात झाली. त्या टीममधले रॉन जेफ्रीज यांनी पुढे लिहिलं आहे की पॉइंट कदाचित मीच शोधले असतील, आणि तसं असेल तर मला त्याचं वाईट वाटतं. पॉइंटचा पुढे जो गैरवापर झाला तो पाहून त्यांना तसं वाटलं. मला विचाराल तर दोष आकड्याचा नाही, पण त्यांची खंत समजण्यासारखी आहे.

स्क्रममध्ये पॉइंट सक्तीचे आहेत ना?

नाहीत. स्क्रम ही ॲजाइल कामाची एक पद्धत, आणि स्क्रम गाइड ही तिची अधिकृत पुस्तिका. 2020 च्या गाइडमध्ये स्टोरी पॉइंट हा शब्दच नाही. कामाचा आकार ठरवणं ही ते काम करणाऱ्यांची जबाबदारी, एवढंच त्यात म्हटलं आहे.

1, 2, 3, 5, 8, 13 हेच आकडे का? 4 आणि 7 ने काय घोडं मारलंय?

लहान कामातला फरक आपल्याला दिसतो, मोठ्यातला दिसत नाही. 1 आणि 2 मधला फरक सगळ्यांना पटतो. 20 आणि 21 मधला फरक सांगणारा माणूस स्वतःची फसवणूक करत असतो. फिबोनाची मालिकेत काम जसं मोठं होतं तशी आकड्यांमधली दरी रुंदावते, आणि ती दरीच सांगते की इथून पुढे आपल्याला बारीक दिसत नाही. (हीच मालिका फिबोनाचीच्या आधी आपल्या छंदशास्त्रकारांनी, विरहांक आणि हेमचंद्र यांनी, लघु-गुरूंच्या मांडण्या मोजताना लिहून ठेवली होती.) बऱ्याच टीम 13 नंतर 20, 40, 100 असे गोल आकडे घेतात. 21 लिहिलं की फार अचूक मोजल्यासारखं वाटतं, म्हणून ते 20 केलं.

आकड्यांवरून भांडणंच होत असतील तर टी-शर्टचे साइज वापरा: एस, एम, एल, एक्सएल. तिमाहीचा रोडमॅप आखताना मी हेच वापरते. फक्त साइजची बेरीज होत नाही, हे लक्षात ठेवा.

आमची टीम नवी आहे. तुलना करायला जुनं कामच नाही. सुरुवात कशी करायची?

बॅकलॉगमधल्या, म्हणजे करायच्या कामांच्या यादीतल्या, दहा-बारा स्टोरी वेगवेगळ्या कागदांवर लिहा आणि न बोलता टेबलावर डावीकडून उजवीकडे, लहान ते मोठी, अशा मांडा. प्रत्येकाने पाळी आली की एक कागद हलवायचा. वीस मिनिटांत रांग लागते. मग रांगेतली एक लहानशी, सगळ्यांना नीट समजलेली स्टोरी निवडा आणि तिला 2 म्हणा. 1 म्हणू नका, खाली जागा असू द्या. तिच्या अडीचपट वाटते ती 5. या दोन स्टोरी भिंतीवर लावून ठेवा आणि पुढचं प्रत्येक काम त्यांच्याशी ताडून बघा.

पुढे दर दोन-तीन महिन्यांनी या मापाच्या स्टोरी बदला. टीम शिकते, जुना कोड बदलतो, आणि वर्षापूर्वीची 5 कुणाला आठवतही नाही.

प्लॅनिंग पोकर म्हणजे पत्ते दाखवायचे आणि सरासरी काढायची, बरोबर?

पत्ते दाखवायचे हे बरोबर. सरासरी काढली की सगळं मुसळ केरात.

ही पद्धत जेम्स ग्रेनिंग यांनी 2002 मध्ये मांडली आणि माइक कोन यांनी ती घरोघरी पोचवली. तिच्या मागे त्याहून जुनी परंपरा आहे: 1950 च्या दशकातली रँड कॉर्पोरेशनची डेल्फाय पद्धत, आणि 1970 च्या दशकात बॅरी बोहेम यांनी सॉफ्टवेअरसाठी बेतलेलं तिचं रूप. गाभा एकच आहे. प्रत्येकाने आधी स्वतंत्रपणे विचार करायचा, सगळ्यांनी एकदम आपला आकडा लिहिलेला पत्ता उलटायचा, आणि ज्यांचे आकडे टोकाचे आहेत त्यांनी आधी बोलायचं.

हे कशासाठी, ते एका प्रसंगावरून सांगते. तक्ता फाइलमध्ये डाउनलोड करायचं बटण द्यायचं होतं. पत्ते उलटले: 2, 3, 3 आणि 13. तेरा दाखवणारी टेस्टर एरवी फारशी बोलायची नाही. तिला विचारलं तर म्हणाली, "स्क्रीनवर एका वेळी पन्नास ओळी दिसतात, पण डाउनलोड म्हणजे सगळ्या ओळी ना? आपल्या मोठ्या ग्राहकाकडे लाखांवर ओळी आहेत. बटण दाबलं की सर्व्हर टाइमआउट होणार. मग मागे जॉब चालवायचा, फाइल ठेवायची, लिंक मेलने पाठवायची, हे सगळं आलं." खोलीत शांतता पसरली. मग प्रॉडक्ट ओनर म्हणाले, "मला फक्त फिल्टर लावून उरलेल्या ओळी हव्यात, कमाल हजार." दुसऱ्या फेरीत सगळ्यांचे पत्ते 3.

आता बघा, सरासरी काढली असती तर साधारण 5 आली असती. ते 5 पॉइंटचं काम कुणाच्याच डोक्यात नव्हतं. तिघे 3 चं काम करायला निघाले असते आणि स्प्रिंटच्या (म्हणजे टीमने ठरवलेल्या एक-दोन आठवड्यांच्या टप्प्याच्या) शेवटच्या दिवशी 13 चं काम समोर उभं राहिलं असतं.

दोन फेऱ्यांत एकमत झालं नाही तर मोठा आकडा घ्या आणि पुढे चला. तिसरी फेरी झाली की लोक थकून हो म्हणतात.

आमच्याकडे सिनियर बोलले की सगळे तोच आकडा दाखवतात.

कारण पहिला ऐकलेला आकडा डोक्यात रुतून बसतो. ट्वर्स्की आणि कानेमन यांनी 1974 मध्ये दिलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवलं, ते 10 किंवा 65 वर थांबेल असं आधीच योजलं होतं. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देशांचं प्रमाण किती टक्के? 10 पाहिलेल्यांचं मध्य उत्तर 25 आलं, 65 पाहिलेल्यांचं 45. चक्राचा आणि प्रश्नाचा काडीचा संबंध नव्हता. मग ज्या माणसाबद्दल आदर आहे त्याचा आकडा किती ओढत असेल, विचार करा.

सिनियर माणसाशी आधी एकांतात बोला. आकडा सोडून बाकी सगळं सांगा, जुना कोड कुठे गुंतलेला आहे ते सांगा, पण पत्ते उलटेपर्यंत 'हे तर सोपंय' हे वाक्य उच्चारू नका, अशी विनंती करा. ते वाक्य आकड्याइतकंच घातक आहे. ऑनलाइन मीटिंग असेल तर चॅटमध्ये एकाच वेळी एंटर दाबायला सांगा. प्रॉडक्ट ओनर आणि मॅनेजर यांनी पत्ता दाखवायचाच नाही.

मी नुकताच रुजू झालोय. मला सिस्टीम माहीत नाही. मी पत्ता दाखवू की गप्प बसू?

दाखव. तुझा 8 आणि बाकीच्यांचा 3 असेल तर त्यातला फरक म्हणजे कुठेही न लिहिलेली, जुन्यांच्या फक्त डोक्यात असलेली माहिती. तुला ती मिळेल. अनेकदा जुन्यांनाही ती मोठ्याने सांगताना त्यातलं भोक दिसतं. चुकीच्या पत्त्याने कुणाचं नुकसान होत नाही. प्रश्न चिन्हाचा पत्ता दाखवायलाही लाजू नकोस.

टेस्टिंग, कोड रिव्ह्यू, डिप्लॉयमेंट हे अंदाजात धरायचं का?

हो. तुमच्या 'डन'च्या व्याख्येत, म्हणजे काम पूर्ण झालं असं कधी म्हणायचं याच्या यादीत, जे जे आहे ते सगळं.

बगला पॉइंट द्यायचे का?

याच स्प्रिंटच्या स्टोरीतला बग असेल तर तो त्या स्टोरीचाच भाग, वेगळे पॉइंट नाहीत. प्रॉडक्शनवरून, म्हणजे ग्राहक वापरत असलेल्या सिस्टीमवरून, आलेले जुने बग मी पॉइंट न देता करते आणि त्यांच्यासाठी स्प्रिंटमध्ये जागा मोकळी ठेवते. बग म्हणजे जवळजवळ नेहमीच अंधार. कारण सापडलं की अर्धं काम संपतं आणि कारण सापडायला किती वेळ लागेल हे कुणीच सांगू शकत नाही. काही टीम बगलाही पॉइंट देतात. ठरवा आणि दर महिन्याला बदलू नका.

स्टोरी फार मोठी आहे, 20 च्या वर. ती तोडायची कशी?

आधी कशी तोडायची नाही ते सांगते. 'डेटाबेस', 'एपीआय', 'स्क्रीन' अशी आडवी तोडू नका. तीन स्प्रिंट जातील आणि वापरणाऱ्याच्या हातात काहीच पडणार नाही. वर तिन्ही तुकडे जोडताना जो गुंता निघतो तो कुठल्याच तुकड्याच्या अंदाजात नसतो.

उभी तोडा, म्हणजे प्रत्येक तुकड्यातून वापरणाऱ्याला थोडं का होईना, काहीतरी करता यायला हवं. तोडायच्या जागा शोधायला मी काही प्रश्न विचारते. यात किती प्रकारचे वापरणारे आहेत, आणि एकाचंच आधी केलं तर चालेल का? नियम किती आहेत? सवलतीचे सात नियम असतील तर सर्वांत जास्त वापरला जाणारा एक आधी. सगळं सुरळीत झालं तर काय, आणि बिघडलं तर काय, हे वेगळं करता येईल का? आधी माणसाने हाताने केलं आणि नंतर आपोआप होऊ लागलं तर? एक उदाहरण घ्या, 'वापरणाऱ्याला पासवर्ड बदलता यावा'. लॉगिन केलेल्याने जुना पासवर्ड देऊन बदलणं हा एक तुकडा. विसरलेल्याने मेलवरच्या लिंकने बदलणं हा दुसरा. लिंकची मुदत संपणं, तीनदा चुकल्यावर खातं थांबवणं, हे त्यापुढचे. प्रत्येक तुकडा एकटा वापरता येतो.

तुकड्यांची बेरीज मूळ आकड्याहून जास्त येते. घाबरू नका, मूळ आकडाच कमी होता. मोठ्या कामातल्या बारीक गोष्टी लांबून दिसत नाहीत.

आणि एक: पसाऱ्याची स्टोरी तोडली की प्रत्येक तुकडा खरोखर लहान होतो. गुंत्याची स्टोरी तोडली तर कधी कधी गुंता अख्खा एकाच तुकड्यात जाऊन बसतो आणि बाकीचे तुकडे पोकळ राहतात. तसं दिसलं तर तो गच्च तुकडा आधी घ्या.

या कामातलं काहीच माहीत नसेल तर आकडा कसा द्यायचा?

देऊ नका. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं करून दिलेला आकडा पुढे सहा महिने तुमच्या मागे लागतो. त्याऐवजी स्पाइक घ्या, म्हणजे फक्त शोधण्यासाठी राखलेला, आधीच ठरवलेला वेळ. एक दिवस, दोन दिवस, फार तर तीन. स्पाइकला पॉइंट लागत नाहीत, त्याला मर्यादा आणि प्रश्न लागतो. 'पेमेंट सेवा बघणे' हा प्रश्न नव्हे. 'अर्धवट परतावा देता येतो का, आणि तो झाल्याचं ती सेवा आपल्याला कळवते की आपण विचारायचं?' हा प्रश्न झाला. त्याचं उत्तर आलं की अंधार कमी होतो आणि मग पत्ते काढता येतात.

मी सरळ दुप्पट करून सांगतो. काय बिघडलं?

तुम्ही दुप्पट करता, मॅनेजरला ते ठाऊक असतं म्हणून ते निम्मं करतात, मग पुढच्या वेळी तुम्ही चौपट करता. थोड्याच दिवसांत कुणाचाच आकडा कुणाला खरा वाटत नाही. अनिश्चितता असेल तर ती उघड सांगा: "5 वाटतंय, पण त्या जुन्या सेवेचा लॉग मिळाला नाही तर 13." असं वाक्य ऐकून प्रॉडक्ट ओनर तो लॉग मिळवण्याच्या मागे लागू शकतात. गुपचूप लावलेल्या ठिगळावर कुणालाच काही करता येत नाही.

काम सुरू केल्यावर कळलं की 3 ची स्टोरी 13 ची होती. आकडा बदलायचा?

त्याच दिवशी टीमला सांगायचं. स्प्रिंटमधून दुसरं काहीतरी बाहेर काढावं लागेल. आकडा मात्र तसाच ठेवायचा. काही अंदाज वर चुकतात, काही खाली, आणि टीमच्या वेगात त्यांची आपोआप वजाबाकी होते. फक्त वरचे दुरुस्त केलेत तर तो हिशेब बिघडतो. अजून सुरू न झालेल्या, तशाच जातीच्या दुसऱ्या स्टोरी असतील तर त्यांचे आकडे जरूर नव्याने बघा.

स्टोरी अर्धी झाली. अर्धे पॉइंट मिळतील का?

नाही.

व्हेलॉसिटी किती स्प्रिंटची धरायची?

व्हेलॉसिटी म्हणजे एका स्प्रिंटमध्ये पूर्ण झालेल्या स्टोरींच्या पॉइंटची बेरीज. मी किमान पाच-सहा स्प्रिंट बघते, आणि सरासरीपेक्षा चढउताराकडे जास्त लक्ष देते. 21, 23, 20, 22 करणारी टीम आणि 8, 35, 12, 31 करणारी टीम, दोघींची सरासरी 21.5 आहे. पहिलीला तारीख विचारता येते. दुसरीला आधी विचारावं लागेल की मधल्या दिवसांत काय होतंय. बहुधा स्टोरी मोठ्या असतात आणि एक आड एक स्प्रिंट पलीकडे सांडत असतात.

आमचे वरिष्ठ म्हणतात, दुसऱ्या टीमची व्हेलॉसिटी 60 आहे, तुमची 25 का?

हा प्रश्न ऐकला की मला खरोखर वाईट वाटतं, कारण त्यातून चांगल्या टीम बिघडताना मी पाहिल्या आहेत. पॉइंट हे त्या त्या टीमने आपल्या भिंतीवरच्या स्टोरीशी ताडून ठरवलेलं माप आहे. एकीची काठी लांब, दुसरीची आखूड. आखूड काठीने मोजलं तर आकडा मोठा येणारच.

दडपण आलं की टीम काय करते तेही ठाऊक आहे. कालची 3 आज 5 होते. कुणी खोटं बोलत नाही, फक्त शंका असली की वरचा पत्ता निघतो. दोन तिमाहींत व्हेलॉसिटी दीडपट होते आणि वापरणाऱ्याच्या हातात जायचं तेवढंच जातं. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी 1975 मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल हेच निरीक्षण नोंदवलं होतं की नियंत्रणासाठी एखाद्या मापावर दाब आणला की त्या मापाचा भरवसा ढासळतो. वरिष्ठांना द्यायचंच असेल तर कल्पना मांडल्यापासून ती वापरात येईपर्यंत किती दिवस लागले, आणि प्रॉडक्शनवर किती बग गेले, हे द्या. त्यात काठीचा प्रश्न येत नाही.

हे सगळं ठीक, पण ग्राहकाला तारीख हवी असते. ती कशी सांगायची?

ग्राहकाची गरज खरी आहे. त्याला जाहिरात करायची असते, माणसं प्रशिक्षित करायची असतात. 'ॲजाइलमध्ये तारीख नसते' हे उत्तर त्याच्यावर अन्याय करणारं आहे.

तारीख सांगायची, पण पट्ट्यात. समजा, 40 स्टोरी उरल्या आहेत आणि मागच्या आठ स्प्रिंटमध्ये 4, 7, 5, 6, 3, 7, 5, 6 स्टोरी पूर्ण झाल्या. सर्वांत वाईट तीन स्प्रिंटची सरासरी 4 येते, म्हणजे 10 स्प्रिंट लागतील. सर्वांत चांगल्या तीनची साधारण 6.7, म्हणजे 6 स्प्रिंट. दोन आठवड्यांचा स्प्रिंट धरला तर उत्तर आहे 12 ते 20 आठवडे. पट्टा मोठा वाटतो, पण तो टीमच्या खऱ्या इतिहासातून आलेला आहे आणि कुणी इच्छा केली म्हणून लहान होणार नाही.

याहून नीट करायचं तर मॉन्टे कार्लो पद्धत वापरा. त्याच आठ आकड्यांतून संगणकाला कुठलाही एक उचलायला सांगायचं, 40 मधून वजा करायचा, पुन्हा उचलायचा, संपेपर्यंत. किती स्प्रिंट लागले ते नोंदवायचं आणि हे दहा हजार वेळा करायचं. ज्या तारखेपर्यंत 85 टक्के वेळा काम संपलं ती तारीख ग्राहकाला सांगायची, आणि 85 टक्के म्हणजे काय तेही सांगायचं. साध्या स्प्रेडशीटमध्येही हे करता येतं.

पट्टा दर स्प्रिंटला नव्याने काढा. प्रकल्पाच्या अगदी सुरुवातीला अंदाज चौपटीपासून पाव पटीपर्यंत हलू शकतो, असं बोहेम यांनी 1981 मध्येच दाखवलं होतं. काम पुढे जाईल तसा तो आवळत जायला हवा. आवळत नसेल तर अंधार कमी होत नाहीये, आणि ते ग्राहकाला लवकर सांगितलेलं बरं.

शब्द जपून वापरा. स्क्रम गाइडने 2011 मध्येच स्प्रिंटच्या कामासाठी 'वचन' हा अर्थ काढून 'पूर्वानुमान' आणला. अंदाज सांगितला की समोरच्याने तो वचन म्हणून लिहून घेऊ नये, म्हणून मी मेलमध्ये पट्टा आणि तो कशावरून काढला, दोन्ही लिहिते.

तारीख चुकतेय. माणसं वाढवली तर?

फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 मध्ये लिहिलं की उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं घातली की तो आणखी लांबतो. नव्याला शिकवणारा जुनाच असतो, आणि माणसं वाढली की आपसात बोलण्याच्या वाटा त्याहून वेगाने वाढतात: 5 जणांत 10 जोड्या, 10 जणांत 45. काम पसाऱ्याचं असेल तर वाटून घेता येतं आणि थोडा फायदा होतो. गुंत्याच्या कामात तो होत नाही. काम कमी करणं हाच बहुधा खरा उपाय.

अंदाज न बांधताच काम केलं तर? नो-एस्टिमेट्स म्हणतात ते.

चालतं, आणि काही टीमना ते फार चांगलं चालतं. वुडी झुइल यांनी 2012 च्या सुमारास ही चर्चा सुरू केली. स्टोरी सगळ्या लहान आणि साधारण एकाच आकाराच्या करता येत असतील तर पॉइंट न लावता नुसत्या मोजल्या तरी पुरतं; वरच्या तारखेच्या उदाहरणात मी पॉइंट कुठेच वापरलेले नाहीत, बघा.

तिथे लिटलचा नियम हाताशी ठेवा. जॉन लिटल यांनी तो 1961 मध्ये सिद्ध केला. हातात 12 स्टोरी आहेत आणि आठवड्याला 3 पूर्ण होतात, तर एका स्टोरीला सरासरी 4 आठवडे लागणार. वेग तोच ठेवून हातातल्या 6 केल्या तर 2 आठवडे. अंदाज सुधारण्यापेक्षा हातातलं काम कमी केल्याने तारखा लवकर सुधारतात, असं मी अनेकदा पाहिलंय.

मात्र पत्ते सोडताना संवाद सोडू नका. त्या टेस्टरला तिच्या लाख ओळी कुठेतरी सांगता आल्या पाहिजेत.

कोड आता एआय लिहून देतं. मग जुने अंदाज फेकून द्यायचे का?

पसारा कमी होतो, हे खरं. एकाच साच्याच्या 60 फाइली बदलणं आता दिवसभराचं काम राहिलेलं नाही. गुंता मात्र लिहिण्याकडून वाचण्याकडे सरकतो, कारण त्या चार ओळी बरोबर आहेत की नाही हे कुणीतरी समजून घ्यायलाच हवं. ग्राहकाला नेमकं काय हवंय हा अंधार तर तसाच राहतो. भिंतीवरच्या मापाच्या स्टोरी नव्याने निवडा आणि दोन-तीन स्प्रिंट जाऊ द्या. टीमचा नवा वेग आकड्यांतून दिसेल.

मागच्या सहा महिन्यांतले अर्ध्याहून जास्त अंदाज चुकले. काय तपासायचं?

रेट्रोला, म्हणजे झालेल्या कामाचा आढावा घ्यायच्या बैठकीला, तासभर काढा. 8 दिलेल्या सगळ्या स्टोरी काढा आणि प्रत्येकीला सुरुवातीपासून संपेपर्यंत किती दिवस लागले ते शेजारी लिहा. काही 4 दिवसांत झाल्या असतील, काही 19. 19 वाल्या टेबलावर एकत्र ठेवा आणि प्रत्येकीबद्दल एकच विचारा: ती कुठे अडली होती? कुणाच्या मंजुरीची वाट बघत, दुसऱ्या टीमच्या एपीआयसाठी, की टेस्टचा डेटा नव्हता म्हणून? एका टीममध्ये आम्ही हे केलं तेव्हा अकरापैकी सात स्टोरी एकाच जागी थांबल्या होत्या. टेस्टिंगचं एन्व्हायर्नमेंट तीन टीमचं मिळून एकच होतं. आकड्यांत फारशी चूक नव्हती. वेगळं एन्व्हायर्नमेंट मिळायला महिना लागला, आणि त्यानंतरच्या 8 च्या स्टोरी 5 ते 7 दिवसांत बसू लागल्या.